झील कोण धरणार

४ जानेवारी, रविवार

ही डायरी आमच्या ह्यांच्या कंपनीची. हे जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटला हायेत. शनिवारी आष्टीला येतात, रविवारी संध्याकाळी परत. दरसाली कंपनी एक डायरी देती आन दरसाली ती पाहुण्यांचे फोन नंबर लिहूनच संपती. पानापानाखाली शेतीचा सल्ला छापलाय. आजच्या पानावर हरभऱ्याच्या घाटेअळीचं हाय. आम्हाला ना शेत, ना हरभरा. पण कागद गुळगुळीत हाय, पेन झकास चालतो.

लिहायला बसले कारण पायलचा फोन आल्ता. पायल म्हणजे माझ्या भावाची पोरगी. सात वर्षांची होती तवापासून माझ्या पेटीसमोर बसून गाणं शिकली. आता तीन वर्षं झाली जर्मनीत लाइपझिग म्हणून शहर हाय, तिथं. संगीत शिकली, आता गाती. एका जुन्या कारखान्यात कलाकारांना खोल्या भाड्यानं देतात, तिथंच तिचा सराव.

म्हणाली, "आत्या, मी गाणं बंद करू राह्यले."

मी म्हणलं, "सर्दी झाली का?"

"सर्दी न्हाई. होईनाच माझ्यानं. बारा एप्रिलला इथं कार्यक्रम ठरलाय ना, भीमजयंतीचा, त्याला न्हाई म्हणते. पार्सलच्या गोदामात कायमची नोकरी मिळू राह्यली. ती धरते."

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. भीमगीत शिकलेली पोरगी पार्सलं उचलणार? पण मी घाबरणारी बाई न्हाई. वीस-पंचवीस वर्षं महामाया गायन पार्टीची मुख्य गायिका हाय, लाईट गेली तरी कार्यक्रम बंद पडू दिला न्हाई. म्हणलं, "उत्तर देऊ नको त्यांला. मी बघते."

आधी असलं काही झालं की मी सरळ विहाराच्या मागं, माझ्या पार्टीतल्या दैवशालाकडं जायचे. आता तो रस्ता बंद हाय. म्हणून ही डायरी.

११ जानेवारी, रविवार

रोग सापडला. पायलनं तिचं एक गाणं पाठवलं. मीच रचलेलं हाय ते, 'अंधार सारून उजेड दारी आला, भीमाचा सांगावा घरी आला.' आवाज तिचा सोन्यासारखा. पण मागून झील येती ती पण तिचीच! झील म्हणजे कोरस. मुख्य गाणारा ओळ म्हणतो, मागचे लोक तिचं शेपूट उचलतात, 'घरी आला गं, घरी आला', तवर पुढचा श्वास घेतो. ह्या पोरीनं स्वतःचाच आवाज चारदा मशीनमधी भरला आन त्याच्याच पुढं उभी राहून गाती.

मी म्हणलं, "येडे, एका हातानं टाळी वाजती का? मागं माणसं पाह्यजेत."

"इथं माणसं कुठून आणू आत्या?"

"त्या कारखान्यात कोण न्हाई का?"

"हायेत की. पण सगळे आपापलं करतात. कानाला हेडफोन लावून."

"नावं काय त्यांची?"

वर्षभर एकाच दारानं ये-जा करती आन नाव माहीत न्हाई! मी म्हणलं, अगं, आपल्याकडं बसमधी शेजारी बसलेल्या बाईचं माहेर कोणतं ते परतूर यायच्या आत माहीत होतं.

सांगून टाकलं, पिठलं-भाकरी कर आन सगळ्यांला बोलव. पोटातून वाट काढ.

१८ जानेवारी, रविवार

हे आज जायला निघाले तवा म्हणाले, "पायलला मागं माणसं पाह्यजेत म्हणून तू सांगू राह्यली. तुझ्या मागं कोण हाय यंदा?"

मी म्हणलं, तुमची गाडी हुकंल.

आता लिहावंच लागंल. मागच्या जयंतीला बॅनर लागलं. माझा फोटो मोठा, खाली 'सुप्रसिद्ध गायिका बेबीनंदा आणि पार्टी'. दैवशालाला राग आला. म्हणे, एकोणीस वर्षं तुझ्या मागं झील धरली, माझं नाव कुठंय? अगं, बॅनरवाल्यानं छापलं, मी छापलं का? जागाच न्हवती. वर बाबासाहेबांचा फोटो, बाजूला कमिटीचे सतरा फोटो, जागा आणू कुठून? मी एवढंच म्हणाले, "झील काय गं, कुणीबी धरंल." बस. तवापासून बोलत न्हाई. ती न्हाई म्हणून मागं गाणाऱ्या बाकीच्या दोघी बी येईनात. ढोलकीवाले राजानंद भाऊजी दोनदा येऊन विचारून गेले, सराव कधी. मी म्हणलं, यंदा उशिरा सुरू करू. एवढ्या तेवढ्यावरून माणसं रुसायला लागली तर अवघड हाय.

१ फेब्रुवारी, रविवार

झकास! पिठलं लागू पडलं.

तिघं आले. व्हिडिओवर दाखवले मला. हुआंग नावाची व्हिएतनामची बाई, कपडे शिवती आन गाती. करीम, सीरियाचा, उद नावाचं वाद्य वाजवतो, भोपळ्यासारखं पोट हाय त्याला. आन मारिसोल, कोलंबियाची, लाकडी पेटीवर बसून तीच पेटी बडवती. तिघंबी आपापल्या खोलीत वर्षानुवर्षं एकटेच. करीम म्हणाला म्हणे, की मी इथं आल्यापासून माझ्या वाजवण्याला कुणी 'वाह' म्हणलं न्हाई. त्याच्याकडं वाजवताना समोरच्यानं मधी मधी दाद द्यायचीच असती. दाद न्हाई तर पुढं जायचं कसं, त्याला कळेना. मला त्याचं एकदम पटलं.

मारिसोलनं ठेचा खाल्ला आन रडली. मंग अजून घेतला.

मी पायलला म्हणलं, हीच तुझी पार्टी. येत्या रविवारपासून मी शिकवते. तू फक्त भाषा सांभाळ. पायल पहिल्यांदा हसली. म्हणाली, कार्यक्रमवाल्यांला अजून न्हाई कळवलं मी.

८ फेब्रुवारी, रविवार

शिकवणी सुरू. मी पेटी घेऊन फोनसमोर. मी ओळ म्हणायची, त्यांनी परत म्हणायची. हुआंगचा कान काय तयार हाय! माझ्या गळ्यातली हरकत जशीच्या तशी उचलली. 'घरी' म्हणता येईना, 'गरी' म्हणती, पण सूर बराबर. करीमनं तर शेवटी अशी तान मारली की मी इथं पेटी सोडून टाळ्या वाजवल्या.

शेजारची रूपाली भिंतीवरून डोकावून म्हणाली, "मावशी, फॉरेनला पार्टी काढली का?" मी म्हणलं, काढली.

विहाराच्या रस्त्यानं दैवशाला चालली होती. दोन मिनटं थांबली, खाली वाकून चप्पल नीट केली आन गेली. चप्पल चांगली होती तिची.

२२ फेब्रुवारी, रविवार

जरा गडबड हाय. तिघांला गाणं पाठ झालंय, माझ्यासारखंच म्हणतात. पण पायल पुढं उभी राह्यली की मधीच तिला ठसका लागतो. तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचतच न्हाई. मी म्हणलं, सराव कमी पडतो, मोठ्यानं म्हणा सगळे. मोठ्यानं म्हणले. मंग तिचा आवाजच ऐकू येईना.

मलाबी हल्ली लांब ओळीला ठसका लागतो. वय झालं असंल.

१ मार्च, रविवार

आज पायल रडली. "आत्या, मला श्वास घ्यायला जागाच मिळेना. मशीन तरी बरं होतं गं. ते गप तरी बसायचं. राहू दे आता, येत्या शुक्रवारी मी न्हाई म्हणून कळवते. माणसं हायेत ती चांगली, मैत्री झाली, तेवढं पुरे."

मी फोन ठेवला आन पेटीपुढं बसले. म्हणलं, झील नेमकी शिकवायची कशी ते एकदा पक्कं करू. ओळ म्हणले. आता मागून कुठं उचलायचं? 'सांगावा'वर, का 'घरी'वर? का ओळ संपल्यावर? वर जायचं का खाली? आठवंच ना. डोळे मिटून मागच्या साली गाजलेला कार्यक्रम आठवला, लोक आठवले, माईकची शिट्टी आठवली, माझी साडी आठवली. झील आठवंना. एकोणीस वर्षं ती मागून येत राह्यली आन मी एकदाबी मागं वळून पाह्यलं न्हाई. पुढं तोंड करून गाणाऱ्या बाईनं मागं बघायचं तरी कशाला म्हणा.

मला झीलच येत न्हाई. हे फक्त इथं लिहून ठेवते.

३ मार्च, मंगळवार

गेले. दुसरा इलाजच न्हवता. पायलचं गाणं मोठं का माझा तोरा मोठा, असं स्वतःला विचारलं. तोरा बी काही कमी न्हवता, पण गेले.

दैवशाला गच्चीवर कुरडया घालत होती. एकटीच. गव्हाचा चीक शिजवून तयार, आन सोऱ्या दाबायला दुसरं माणूस न्हाई. मला बघून म्हणाली, "कोण पाह्यजे?"

एवढ्या वर्षांची ओळख आन म्हणे कोण पाह्यजे!

"तूच पाह्यजे."

"मी कोण? मी 'आणि पार्टी'."

मी सोऱ्या घेतला आन दाबायला लागले. तिनं कागद पुढं सरकवला. दहा-बारा कुरडया पडल्या. मंग मी फोन काढून रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. तिचे हात चिकानं भरलेले, तशीच कान लावून ऐकत राह्यली. आन मंग जी हसत सुटली! पदर तोंडाला लावायला गेली तर चीक नाकाला लागला.

"अगं बेबीनंदा, तू तिथं तीन नव्या बेबीनंदा तयार केल्या! पायल धरून चार झाल्या. आष्टीत एकच हाय तरी गाव बेजार हाय!"

मला राग आला. पण हसूबी आलं.

"कुणीबी धरंल म्हणली होतीस ना झील," ती म्हणाली. "धरू दे की मंग."

मी म्हणलं, "म्हणले होते." सोऱ्या हातात तसाच राह्यला. चीक गार व्हायला लागला. तिनंच मंग म्हणलं, "दाब लवकर, घट्ट होऊ राह्यला." कुरडया संपल्यावर हात धुतले आन म्हणाली, "येते मी रविवारी. पण एक अट. ती पोरगी त्या लोकांच्या गाण्याला झील धरत असंल तर. धरत नसंल तर मला माझं वाळवण पडलंय."

मी विचारलं, "तिनं कशाला धरायची? तिला तर पुढं गायचंय."

दैवशालानं ओले हात पदराला पुसले. "तू शिकवलेलं हाय, दिसतंच ते," म्हणाली.

पायलला कळवलं, शुक्रवारचं थांबव. इथून मोठ्या उस्ताद येऊ राह्यल्यात.

८ मार्च, रविवार

दैवशाला आली आन माझ्या फोनसमोर बसून तिनं सगळं मोडून परत मांडलं. पहिलं म्हणजे पायलला भिंतीपासून हलवून मधी उभं केलं, तिघं तिच्या मागं अर्ध्या गोलात, असे की तिचा खांदा दिसला पाह्यजे.

"गाणं ऐकू नका," म्हणाली, "खांदा बघा. खांदा वर गेला म्हणजे हवा संपली. ओळ संपायची वाट बघू नका, त्याच्या आधी उचला. खालून उचला, तिच्या डोक्यावर बसू नका. आन ती विसरली, पडली, रडली, काहीबी होऊ द्या, झील थांबायची न्हाई. फिरवत राह्यची. ती परत येती."

पायल भाषांतर करत होती. मधीच थांबून मला म्हणाली, "आत्या, हे तू मला कधी सांगितलंच न्हाई."

मी पेटीचा भाता नीट करत होते.

पुढं दैवशाला म्हणाली, "बेबीनंदाचं नाक फुगतं. खांदा न्हाई, नाक. एकोणीस वर्षं ती नाकाच्या बाजूनं जेवढी दिसती तेवढ्यावर काम केलंय मी." सगळे हसले, जर्मनीत बी हसले. हसू द्या.

मंग करीमच्या गाण्याला पायलनं झील धरायची होती. चारदा चुकली. मोठ्यानं म्हणायला जाती, पुढं पळती. पाचव्यांदा करीम मधीच वाजवायचा थांबला आन तिच्याकडं बघून हसला. कारण तिचा आवाज त्याच्या आवाजाखाली बराबर बसला होता. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. पायल म्हणाली, 'वाह' म्हणाला.

२२ मार्च, रविवार

आता ते तिथं रोजच जमतात म्हणे. हुआंगच्या गाण्याला मारिसोल पेटी बडवती, मारिसोलच्या गाण्याला सगळे टाळ्या धरतात. पायल म्हणाली, खोल्यांची दारं उघडी असतात आता. कुणी कुठं अडला की दुसऱ्याच्या खोलीतून झील येती. ती मला एक गाणं ऐकवत होती तवाच मागून कुणीतरी 'गरी आला' केलं. पायल ओरडली, "अरे, मी आत्याशी बोलू राह्यले!" पण आवाजात इतकी खुशी होती की मीच फोन ठेवून दिला. गोदामाच्या नोकरीला तिनं न्हाई म्हणून कळवलं.

आमच्या बाकीच्या दोघी बी कालपासून सरावाला येतात. मी बोलवलं न्हाई. दैवशाला आली की त्या येतात, असं दिसतंय.

५ एप्रिल, रविवार

जयंती कमिटीचा सुमित सोमवारी बॅनरसाठी फोटो न्यायला आल्ता. मी दोन फोटो दिले. माझा आन दैवशालाचा. तो म्हणाला, "मावशी, जागा न्हाई, सतरा मेंबर हायेत." मी म्हणलं, "मंग मेंबर सोळा करा. न्हाईतर गाणं मेंबरांनीच म्हणा."

दोन्ही फोटो सारखेच छापले. माझा जरा जुना हाय, मोठा केला असता तर धूसर दिसला असता. एवढंच कारण. दैवशालानं चौकात उभं राहून बॅनर बघितलं. मला म्हणाली, "माझा डोळा झाकलाय फोटोत." बाकी काही म्हणाली न्हाई. पण संध्याकाळी डब्यात कुरडया तळून पाठवल्या.

१२ एप्रिल, रविवार

हे आज मुद्दाम थांबले, उद्या पहाटं जातो म्हणाले. फोन टीव्हीला जोडून दिला. घरात पाय ठेवायला जागा न्हवती. दैवशाला माझ्या शेजारी सतरंजीवर.

हॉल भरलेला होता. आपली माणसं होती, त्यांची बी होती. पहिलं गाणं करीमचं, पायल मागं उभी. दुसरं हुआंगचं, पायल मागं उभी. शेजारच्या बाया विचारायला लागल्या, आपली पायल पुढं कवा येणार? मलाबी तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दैवशाला म्हणाली, "गप बसा. पोरगी काम करू राह्यली."

मंग पायल पुढं आली. पांढरी साडी, जय भीम म्हणाली आन आमचं गाणं धरलं. दोन कडवी अशी म्हणली की माझ्या अंगावर काटा आला. आन तिसऱ्या कडव्याला, जिथं माय दारात उभी राहून लेकराची वाट बघती ना, तिथं पायल अडली. थांबली. तोंड उघडं, आवाज न्हाई. मी टीव्हीसमोर उठून उभी राह्यले. ओळ मीच म्हणायला लागले, जशी काय ऐकू जाणार होती तिला.

दैवशालानं माझा हात धरून खाली बसवलं. "थांब," म्हणाली. "ते हायेत."

आन ते होतेच. 'गरी आला गं, गरी आला.' खालून, हळू. एकदा, दोनदा, फिरवत राह्यले. मारिसोल पेटीवर नुसती बोटं टेकवत होती. करीमचा डोळा पायलच्या खांद्यावर. तिघांत घाबरलं कुणीच न्हाई. किती वेळ गेला कोण जाणे. पायलनं डोळे पुसले, खांदा वर गेला, झीलीच्या शेपटावर पाय ठेवून परत वर चढली आन कडवं असं उचललं की हॉल उभा राह्यला.

आमच्या घरात सगळ्या बाया रडत होत्या. दैवशाला म्हणाली, "हुआंग जरा लवकर उचलती." तिचा आवाज बी धड न्हवता.

नंतर पायलचा फोन आला. मागं नुसता कालवा. म्हणाली, "आत्या, मी पडले न्हाई."

मी म्हणलं, "पडली होतीस. त्यांनी धरलं."

"हां," म्हणाली, "तेच."

१५ एप्रिल, बुधवार

काल जयंती. विहारासमोर स्टेज, निळे झेंडे, तालुक्याची माणसं. चौथं गाणं झालं आन दैवशाला माझ्या हातातला माईक घेऊन म्हणाली, "आता एक मी म्हणणार. झील बेबीनंदा धरतील."

राजानंद भाऊजींची ढोलकी हवेतच राह्यली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं गेले. म्हणलं, सोपं हाय, सगळं पाठ हाय मला.

पहिल्या ओळीला लवकर उचललं. दुसरीला उशीर झाला. तिसरीला इतक्या जोरात म्हणले की ती वळून बघायला लागली, लोक हसले. चौथ्या ओळीला मी गाणं सोडलं आन तिच्याकडं बघितलं. खांदा न्हाई हलत तिचा. नाकबी न्हाई. हवा संपत आली की ती डाव्या हाताची मूठ वळती, पदराखाली. पुढून कुणाला कधीच दिसलं नसंल. मूठ वळली, मी खालून उचललं, आन ती वर निघून गेली, हलकी.

एकदाच जमलं. बाकी सगळं चुकलं.

रात्री पायलला सांगितलं. ती कितीतरी वेळ हसत होती. मंग विचारलं, "मागं उभं राहून कसं वाटलं आत्या?"

मी म्हणलं, "मागून पुढचं माणूस चांगलं दिसतं गं. मला वाटत होतं पुढूनच दिसतं."

ह्यांला फोनवर सांगितलंय की उद्या सकाळी दैवशालाकडं सोऱ्या दाबायला जाते. तिच्या कुरडया कवाच संपल्यात, मी झील शिकायला चाललेय, हे त्यांला माहीत न्हाई.